गोंदियात रीफ टँक : एलईडी चालेल का आणि खर्च किती येईल?

गोंदियात समुद्री फिशटँक लावायचं मनात आलं की पहिला प्रश्न येतो तो दिव्याचा. जुने शौकीन सांगतात, प्रवाळाला मेटल हॅलाइडच हवा. दुकानदार सांगतो, एलईडी घ्या, बिल कमी येईल. इंटरनेटवर सहा हजारांचाही दिवा दिसतो आणि साठ हजारांचाही. मग नक्की घ्यायचं काय?

थोडक्यात उत्तर असं : रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळ ठेवायच्या टँकसाठी, एलईडी पूर्ण योग्य आहे. आपल्यासारख्या उष्ण जिल्ह्यात तर दुसरं काही घेण्यात अर्थ नाही. पण दिवा हा एकूण खर्चाचा लहान भाग आहे. मोठा खर्च पाणी गार ठेवण्याचा आहे, आणि कोणतं प्रवाळ ठेवता येईल हे आधी कायदा ठरवतो. म्हणून दिवा पसंत करण्याआधी हा सगळा हिशेब एकदा कागदावर मांडा.

प्रवाळाला उजेड लागतो कशाला?

प्रवाळ हा प्राणी आहे. बहुतेक उथळ पाण्यातल्या प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. उजेड कमी पडला तर प्रवाळ हळूहळू उपाशी मरतं. उजेड किंवा उष्णता अचानक वाढली तर ते हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं.

समुद्राचं पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं, निळा खोलवर जातो. त्यामुळे या शैवालाला निळा उजेड चांगला वापरता येतो. एलईडीचं बळ नेमकं इथे आहे. तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकात जपानमध्ये तयार झाला. त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरातला पांढरा एलईडी बल्बसुद्धा आतून निळाच असतो, त्यावर पिवळा लेप दिलेला असतो. म्हणजे प्रवाळाला हवा असलेला, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड एलईडी सहज देतो. सुरुवातीच्या काळातले रीफ एलईडी महाग आणि कमजोर होते. एलईडीबद्दलची शंका त्या काळातली आहे, आज ती धरून बसायचं कारण नाही.

वॅट आणि ल्युमेन विसरा, ‘पार’ विचारा

ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे. डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड जास्त दिसतो, निळा कमी. त्यामुळे चांगला रीफ दिवा ल्युमेनमध्ये मोजला तर फिका ठरतो आणि दुकानातला फ्लडलाइट भारी वाटतो. लक्समीटरचंही तेच, निळ्या उजेडाला तो कमी दाखवतो. मोबाइलमधल्या मोफत ॲपवर तर विसंबूच नका.

प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा, ४०० ते ७०० नॅनोमीटरचा उजेड मोजायचं माप म्हणजे ‘पार’. शौकिनांचा साधारण अंदाज असा :

- मशरूम, झोअँथिड, लेदर यांसारखी मऊ प्रवाळं : ५० ते १५०
- मोठ्या पॉलिपची कठीण प्रवाळं : १०० ते २००
- लहान पॉलिपची, फांद्यांची कठीण प्रवाळं : २०० ते ३५० किंवा जास्त

हा आकडा प्रवाळ जिथे बसवायचं त्या जागेवरचा हवा, पाण्याच्या पृष्ठभागावरचा नव्हे. चांगल्या कंपन्या किती उंचीवरून, किती खोलीवर किती पार मिळतो याचा तक्ता देतात. तक्ता नसलेल्या दिव्याला मोठी रक्कम देऊ नका. पारमीटर महाग असतो. एका टँकसाठी विकत घेण्यापेक्षा नागपूरच्या एखाद्या शौकिनाकडून एक दिवस मागून आणणं बरं.

आधी कायदा, मग दुकान

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि सी फॅन हे गट आहेत. २००१ पासून त्यांना हे संरक्षण आहे. म्हणजे कागदावर प्रवाळाचा दर्जा वाघाच्या रांगेतला आहे. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. समुद्री घोडेही याच यादीत आहेत.

हा कायदा किती काटेकोर आहे, याचं उदाहरण मुंबईत आहे. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळांच्या अवघ्या १८ लहान वसाहती आल्या. त्या तशाच बुजवता आल्या नाहीत. महापालिकेला वनविभागाची परवानगी काढावी लागली आणि २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्या दुसऱ्या जागी हलवाव्या लागल्या. हजारो कोटींच्या प्रकल्पाला जी सूट मिळाली नाही, ती घरातल्या टँकला मिळेल असं समजू नका.

म्हणून फांद्यांची किंवा मेंदूच्या आकाराची कठीण प्रवाळं कुणी कितीही गुपचूप, कितीही स्वस्त देत असलं तरी घेऊ नका. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडाच असतो, तोही नको. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा कृत्रिम रॉक चांगलं काम देतो. उपयोगी जिवाणू त्यावरही बसतात, फक्त काही आठवडे थांबावं लागतं. मशरूम, झोअँथिड, लेदर ही मऊ प्रवाळं वरच्या पाच गटांत येत नाहीत. तरीही पक्कं बिल आणि आयातीची कागदपत्रं घ्या. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. शंका असेल तर खरेदीआधी गोंदिया वनविभागाच्या कार्यालयात लेखी विचारा.

याचा खर्चावर थेट परिणाम होतो. सर्वांत जास्त उजेड मागणारी फांद्यांची प्रवाळं मुळात संरक्षित आहेत. ती वगळली की ३५० पार देणारा, साठ हजारांचा दिवा घेण्याचं कारणच राहत नाही. मऊ प्रवाळांना लागणारा १०० च्या आसपासचा पार मधल्या किमतीचा एलईडी आरामात देतो. कायदा पाळला तर खिशालाही हलकं पडतं.

कोणता दिवा, किती रुपयांत?

उदाहरणासाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक धरू. यात सुमारे १८० लिटर पाणी बसतं. खालचे आकडे बजेटसाठी धरायचे आहेत. डॉलरचा भाव आणि आयात शुल्क बदललं की तेही बदलतील.

*फक्त मासे ठेवायचे असतील :* माशांना प्रवाळाइतका उजेड लागत नाही. दीड ते तीन हजारांचा साधा एलईडी बार पुरतो.

*मऊ प्रवाळांसाठी :* दोन निळे-पांढरे चॅनेल असलेला चिनी बनावटीचा डबा, दहा ते पंधरा हजार. किंवा लहान आकाराचे दोन दिवे, मिळून पंधरा ते तीस हजार. तीन फुटी टँकला एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन लहान दिवे बरे. सावल्या कमी पडतात, आणि एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम भागतं.

*नामांकित ब्रँडचे, ॲपवर चालणारे दिवे :* एका नगाला पंचवीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत. उजेड उत्तम असतो, पण बिघडला तर दुरुस्तीला मुंबई किंवा बंगळूरला पाठवावा लागतो. तोवरची सोय काय, हे आधी ठरवा.

डब्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. ‘१६५ वॅट’ लिहिलेल्या डब्यात बहुधा ३ वॅटच्या ५५ चिप असतात आणि तो नुसता गुणाकार असतो. प्लगला वॅटमीटर लावला की खरा खप १२० वॅटच्या आसपास भरतो. हा वॅटमीटर हजार रुपयांच्या आत मिळतो. तो दुकानात घेऊन जा आणि दिवा पूर्ण तेजावर लावून दाखवायला सांगा. त्याच वेळी आणखी तीन गोष्टी बघा. निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त होतो का? पंखा आवाज करतो का? ड्रायव्हर आणि पंखा स्क्रू खोलून वेगळे काढता येतात का? साधा १२ व्होल्टचा पंखा असेल तर गोंदियातला कुठलाही इलेक्ट्रॉनिक्स मिस्त्री तो बदलून देतो. चिप वर्षानुवर्षं टिकते, आधी मरतो तो पंखा. राईस मिलचा बारीक कोंडा हवेत असलेल्या भागात राहत असाल तर दर महिन्याला ब्रशने पंखा आणि मागची ॲल्युमिनियमची जाळी साफ करा. वर मिठाचा थर आणि आत कोंडा बसला की दिवा तापतो आणि त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं.

विजेचा हिशेब

हिशेब सोपा जावा म्हणून युनिटला १० रुपये आणि दिवसाला ८ तास उजेड धरू.

- २५० वॅटचा मेटल हॅलाइड, चोकसकट सुमारे २८० वॅट : महिना ६७ युनिट, ६७० रुपये
- ३९ वॅटच्या सहा टी-५ नळ्या, २३४ वॅट : महिना ५६ युनिट, ५६० रुपये
- एलईडी, खरा खप १२० वॅट : महिना २९ युनिट, २९० रुपये

हॅलाइडपेक्षा एलईडीत वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास वाचतात. शिवाय टी-५ नळ्या साधारण वर्षाने आणि हॅलाइडचे बल्बही ठरावीक काळाने बदलावे लागतात. दिवसाकाठी आठ-नऊ तास चालवलेला एलईडी, पंखा सांभाळला तर, कित्येक वर्षं काम देतो.

पण बिलावर नजर ठेवायची तर चोवीस तास चालणाऱ्या वस्तूंकडे बघा. रिटर्न पंप, वेव्हमेकर आणि स्किमर मिळून ५५ वॅट खात असतील तर महिन्याला ४० युनिट होतात. म्हणजे हे तीन लहान पंप मिळून दिव्यापेक्षा जास्त वीज खातात. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटला टप्पा बदलतो आणि पुढच्या प्रत्येक युनिटचा दर वाढतो. तुमचं घर आधीच टप्प्याच्या काठावर असेल तर टँकची वीज वरच्या दराने पडेल. मागच्या मे महिन्याचं बिल काढून त्यावर हा हिशेब करा.

गोंदियाचा उन्हाळा : खरा खर्च इथे

प्रवाळाला २४ ते २७ अंशांचं पाणी मानवतं. ३० च्या वर काही दिवस गेले की ते पांढरं पडायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि स्लॅबच्या घरात रात्रीही भिंती तापलेल्या असतात.

१८० लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे ०.२ युनिट ऊर्जा पुरते. हॅलाइडचा दिवा आठ तासांत सव्वादोन युनिट उष्णता सोडतो आणि त्यातली बरीचशी थेट खाली पाण्यावर मारतो. पाण्यात निम्मी जरी गेली आणि बाहेर पडायला वाट नसली, तर पाणी पाच अंशांनी चढेल. एलईडीची उष्णता मुळात निम्म्याहून कमी असते, आणि तिचा मोठा भाग वरच्या जाळीतून पंख्याने हवेत जातो. एलईडीच्या बाजूने सर्वांत मजबूत मुद्दा हाच आहे. विजेची बचत त्याच्या नंतर येते.

तरीही एलईडी पाणी गार करत नाही, फक्त कमी तापवतो. पृष्ठभागावर लहान पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-चार अंश उतरतात. कोरड्या एप्रिलमध्ये याचा चांगला उपयोग होतो. पण त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचं काम कमी होतं. पावसाळ्यात तर ते जवळपास थांबतं. मे-जूनमध्ये चिलरला किंवा एसीच्या खोलीला पर्याय नाही.

या आकाराच्या टँकला लहान चिलर पंचवीस ते चाळीस हजारांना पडेल. तो १८० वॅट खात असेल आणि दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला ६५ युनिट होतात. कडक उन्हाळ्यात हा आकडा शंभरापर्यंत जाऊ शकतो. चिलर टँकखालच्या बंद कपाटात ठेवू नका. तो बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढतो आणि नुसती वीज खात बसतो. हिवाळ्यात उलटं होतं, रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की हीटर लागतो. तोही बजेटमध्ये धरा.

पंख्याने उडालेलं पाणी भरताना गोडं आरओचं पाणी घाला. मीठ उडून जात नाही, म्हणून खारं पाणी भरत राहिलात तर क्षार वाढत जातील. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी थेट वापरू नका. म्हणून पाणी शुद्ध करणारं आरओ-डीआय युनिट हा ऐच्छिक खर्च नाही.

वीज गेली तर

प्रवाळ एक-दोन दिवस अंधार सहज सोसतं. हलतं पाणी आणि प्राणवायू नसेल तर काही तासांतच संकट येतं. म्हणून इन्व्हर्टरवर दिवा जोडू नका. एक वेव्हमेकर आणि हवेचा पंप जोडा. दोन्ही मिळून ३० वॅट खात असतील तर १५० एएचची चांगली बॅटरी रात्रभर सहज पुरते. इन्व्हर्टर साइनवेव्हचा हवा, चौकोनी लहरीवर पंप तापतात आणि गुरगुरतात.

खारं पाणी आणि वीज शेजारी आहेत, हे कधीही विसरू नका. टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग असलंच पाहिजे. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये जाणार नाही. दिवा काठावर क्लिपने लटकवण्यापेक्षा छताला किंवा भिंतीतल्या पक्क्या ब्रॅकेटला बांधा. हा खर्च हजार-दोन हजारांचा आहे. घरात लहान मुलं असतील तर आधी हे काम करून घ्या, पाणी नंतर भरा.

एकूण बजेट, १८० लिटरच्या टँकसाठी

- टँक, स्टँड, संप : १५,००० ते २५,०००
- एलईडी : १२,००० ते ३०,०००
- चिलर : २५,००० ते ४०,०००
- रिटर्न पंप, वेव्हमेकर, स्किमर : १२,००० ते २०,०००
- आरओ-डीआय युनिट : ७,००० ते १२,०००
- कृत्रिम रॉक, रेती, मीठ, टेस्ट किट, रिफ्रॅक्टोमीटर : १२,००० ते १८,०००

बेरीज ८३,००० ते १,४५,००० रुपये. घरात इन्व्हर्टर नसेल तर वर १८ ते २५ हजार. यात दिव्याचा वाटा सातवा ते पाचवा हिस्सा आहे, हीटर, मासे आणि प्रवाळ वेगळेच.

दरमहा, उन्हाळ्यात : दिवा २९०, पंप ४००, चिलर ६५० ते १,०००, मीठ ५५० ते ८००, खाद्य आणि चाचण्या ५०० रुपये. म्हणजे २,४०० ते ३,००० रुपये. मिठाचा हिशेब असा : लिटरला ३५ ग्रॅम. पहिल्या भरणीला सव्वासहा किलो लागतं. पुढे दर आठवड्याला १८ लिटर पाणी बदललं तर महिन्याला पावणेतीन किलो.

दिवा लावल्यावर

नवा एलईडी पहिल्याच दिवशी पूर्ण तेजावर लावणं ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे. पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर वर टांगा. तीस-चाळीस टक्क्यांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच-दहा टक्के वाढवा. टायमर लावा, आठ ते दहा तास पुरे. प्रवाळ उजेडाकडे लांब ताणलं जात असेल तर उजेड कमी पडतोय. आक्रसून फिकं पडत असेल तर जास्त होतोय, तेज उतरवा. काचेवर आणि रॉकवर शैवाल माजलं तर आधी नायट्रेट आणि फॉस्फेट तपासा. नुसता दिवा कमी करून ते जात नाही.

हा खर्च झेपत नसेल तर

दरमहा तीन हजार आणि उन्हाळ्यात रोजची देखरेख शक्य नसेल तर रीफ टँक सुरू करू नका. अर्ध्यावर सोडलेल्या टँकमध्ये जीव मरतात, पैसे नंतर जातात. दोन चांगले पर्याय आहेत.

पहिला : कृत्रिम रॉक आणि पैदास केलेले क्लाउनफिश. दिवा दोन-तीन हजारांचा. मासे प्रवाळापेक्षा थोडं जास्त तापमान सोसतात, पण मे महिन्यात त्यांनाही गारवा हवाच. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशच्या पैदाशीचं काम झालेलं आहे. पैदास केलेले मासे मागितलेत तर समुद्रातून पकडलेल्यांची मागणी तेवढी घटते.

दुसरा : गोड्या पाण्यातला वनस्पतींचा टँक. तीन ते आठ हजारांचा, ६,५०० केल्विनचा एलईडी पुरतो. मीठ नाही, स्किमर नाही, आणि आपल्या भागातले बरेच मासे ३० अंशांचं पाणी सहज सोसतात. गोंदिया हा मामा (माजी मालगुजारी) तलावांचा जिल्हा आहे. इथल्या तलावांतल्या पाणवनस्पती आणि लहान मासे ढीवर समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. त्यांच्या मच्छीमार संस्थेला विचारून, परवानगीने सुरुवात करा. टँकमधला बाजारी मासा किंवा वनस्पती मात्र कधीही तलावात सोडू नका.

रीफ टँकच करायचा ठरला, तर खरेदीचा क्रम असा ठेवा : वनविभागाची चौकशी, अर्थिंग आणि आरसीसीबी, आरओ-डीआय, चिलर, मग दिवा, आणि सगळ्यात शेवटी जीव. टँक जानेवारीत लावला तरी पहिलं मऊ प्रवाळ पावसाळा संपल्यावर आणा. एक पूर्ण मे महिना नुसतं पाणी २७ अंशांच्या आत ठेवून दाखवा. ते जमलं तर तुमचा एलईडी प्रवाळ नक्की जगवेल.